मालवण प्लस सावंतवाडी

माप आणि मी, आमचं लहानपणापासून जमलेलं नाही. शाळेत माझ्या खाकी चड्ड्या 'वाढत्या अंगाच्या' म्हणून शिवल्या जायच्या आणि अंग चड्डीपर्यंत पोचायच्या आत चड्डी फाटलेली असायची. लग्नातला सफारी उलट इतका घट्ट शिवून आला की सगळ्या फोटोंत मी श्वास रोखून उभा आहे आणि पाहुणे अजून म्हणतात, नवरदेव तेव्हापासूनच गंभीर. आजही चपला घ्यायला गेलो आणि दुकानदाराने "सात की आठ?" विचारलं की मी हिच्याकडे बघतो आणि ही "आठ" म्हणून सांगते. अशा माणसाने स्वतःच्या अकलेने गाडीचे टायर घ्यायला जाऊ नये.

मी गेलो.

तसा मी निवृत्त कारकून. मुंबईत आयुष्य लोकलच्या दांड्याला लटकून काढलं आणि नोकरी संपल्यावर आम्ही दोघं वालावलला येऊन राहिलो. लक्ष्मीनारायणाचं देऊळ, शेजारी तळं, भोवती डोंगर, खाली माडा-पोफळीच्या बागा आणि पलीकडे कर्ली नदी. अशा ठिकाणी माणसाला गाडीची गरज ती किती? कुडाळचा बाजार, बँक आणि बांगडे स्वस्त झाल्याची बातमी आली तर मालवण. एवढ्यासाठी एक जुनी गाडी आहे. ती घेतली त्याच दिवशी आम्ही तिला देवळात नेली, नारळ ठेवला आणि 'श्री देव लक्ष्मीनारायण प्रसन्न' असा स्टिकर आणला. पुढच्या काचेवर लावला तर समोरचं दिसणार नाही, असं हिचं म्हणणं पडलं. म्हणून मी ड्रायव्हरचं दार उघडलं की आतल्या खांबावर एक चौकोनी, काहीबाही बारीक छापलेली जागा दिसते, तिच्यावर तो बेताने, चारी कोपरे जुळवून चिकटवला. जागा जणू त्याच्याचसाठी कंपनीने सोडली होती. हा स्टिकर लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.

मे महिना संपत आला होता, मिरग आठ दिवसांवर. ही खळ्यात सोलं वाळत घालत होती आणि मी आरामखुर्चीत बसून सोलं वाळण्यावर देखरेख करत होतो. एकदम ती गाडीपाशी वाकली, पुढच्या चाकावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ह्या टायरार रेघो खय असत?"

मी म्हटलं, असतील की.

"नाय असत. तुमच्या डोक्यासारखो झालो हा."

उठून बघितलं तर उपमा अचूक होती. दोन्हीकडे कडेकडेने थोडं शिल्लक, मधे चकचकीत. टायरच्या खाचांच्या तळाशी जागोजाग रबराचे बारके आडवे उंचवटे असतात, 1.6 मिलिमीटर उंचीचे. टायर झिजत झिजत त्यांच्या पातळीला आला की तो संपला असं समजायचं आणि आपला मोटार कायदाही तेच म्हणतो. मी बोटाने ते उंचवटे शोधू लागलो. पण उंचवटे सापडायला आधी खाच लागते. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्या खाचा असतात त्या हेच पाणी चाकाखालून बाजूला काढून टाकायला. त्या नसल्या की चाक रस्त्यावर न चालता पाण्यावर चालतं. आमच्याकडच्या उतारावर पाण्यावर चालणारी गाडी थेट तळ्यापर्यंत जाऊ शकते.

त्या रविवारी कॅनडातून पुतण्याचा फोन आला. तो माँट्रियलला असतो. फोनवर मी त्याला आंब्यांचे भाव सांगतो आणि तो मला बर्फाची खोली सांगतो, असा आमचा परिपाठ. टायरचा विषय निघाला तसा तो खुलला. त्यांच्या क्वेबेक प्रांतात म्हणे 1 डिसेंबर ते 15 मार्च गाडीला हिवाळी टायर लावणं कायद्याने सक्तीचं. थंडी 7 अंशांच्या खाली गेली की साध्या टायरचं रबर कडक होतं आणि रस्ता धरत नाही, म्हणून तिथे माणशी टायरचे दोन संच, जसे आपल्याकडे रोजचे कपडे आणि लग्नाचे कपडे. एक गॅरेजमध्ये, एक गाडीला. हिवाळा गेला की मग ते ऑल-सीझन टायर लावतात.

"म्हणजे सगळ्या ऋतूंत चालणारे?" मी विचारलं.

"नाही काका, तसं नाव आहे, पण..."

मी पुढचं ऐकलं नाही. 'पण'च्या पुढचं न ऐकण्याची मला कारकुनीपासून सवय आहे. ऑल-सीझन! काय शब्द आहे! एकदाच खर्च करायचा आणि शिशिर, वसंत, ग्रीष्म सगळ्यांची ददात मिटवायची. आता वालावलला 7 अंश थंडी पडणं म्हणजे तळ्यात देवमासा निघण्यासारखंच. पारा 7 वर उतरला तर आम्ही गावजेवण घालू. पण माझ्या डोक्यात ऋतू घुसले होते आणि ज्या डोक्यावर रेघा नाहीत तिथे काहीही घुसलं की थेट घसरत शेवटपर्यंत जातं.

पुढचं काम माप घेण्याचं. मी वही, पेन, चष्मा आणि हिच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन निघालो. दुपारचे साडेअकरा. गाडीची तीन चाकं उन्हात आणि मागचं डावं चाक फणसाच्या सावलीत. शहाण्या माणसाने कुठलं चाक वाचायला बसावं? मीही तेच केलं.

175/65 आर 14 82 टी. टायरच्या कुशीवर हे ठसठशीत उठवलेलं. त्यातलं 65 वाचून मी दचकलो, कारण ते माझं वय आहे. 'आर' म्हणजे रेडियस हे मी शाळेच्या भूमितीतून ताबडतोब ओळखलं, आणि 14 म्हणजे इंच. टेप लावली. चाकाच्या लोखंडी भागाच्या मधोमधपासून कडेपर्यंत भरले 7. पुन्हा लावली. पुन्हा 7. कंपनीने सरळसरळ निम्म्याने फसवलं होतं! ग्राहक मंचाला लिहायच्या पत्राचा मजकूर मनात जुळवत मी घरात गेलो. 'आर' म्हणजे रेडियल, टायरच्या आतले धागे ज्या तऱ्हेने आडवे टाकतात ती पद्धत, आणि 14 इंच हा रिमचा पूर्ण व्यास, हे मला त्या रात्री पुतण्याने मेसेज करून सांगितलं. पत्र अजून वहीत आहे. भाषा चांगली उतरली होती.

आणखी एक आकडा होता, छोट्या लंबगोलात: 2317. तो मी वहीत खाली दोन रेघा मारून लिहिला. ही किंमत असणार. एक टायर 2317 रुपये, चार टायर 9268. घासाघीस करून 9000. बरं पडलं.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने कुडाळ गाठलं. टायरवाल्याचं दुकान रस्त्याला लागून, दारात टायरच्या उतरंडी, आत रबराचा तो गरम, गोडसर वास आणि हवेच्या नळीचं फुसफुसणं. टायरवाल्याने नमस्कार केला आणि बाहेर बघितलं.

"काकानू, गाडी खय हा?"

"घराकडे."

"मगे टायर कोणाक घालू?"

मी वहीचं पान पुढे केलं. माप घेऊन आलोय, ऑर्डर द्यायचीय, ऑल-सीझन पाहिजेत. त्याने पान वाचलं, मला वाचलं आणि सावकाश म्हणाला, "आपल्याकडे सीझन दोनच, काकानू. पावस आणि आंबो. आंब्याक टायर लागना नाय."

त्याचं म्हणणं असं, की आपल्याकडे मिळणारा साधा टायरच मुळात उन्हाचा आणि पावसाचा, आपल्याला बर्फ कुठे तुडवायचाय? उगाच नावाचे पैसे देऊ नका आणि गाडी घेऊन या, गाडी बघितल्याशिवाय मी टायर सांगत नाही. इतकं सरळ, इतकं फुकट मिळालेलं शहाणपण मी आयुष्यात दुसऱ्यांदा नाकारत होतो. पहिल्यांदा सफारीच्या वेळी. मी 2317 वर बोट ठेवलं आणि हीच किंमत ना, असं विचारलं. दुकानातला पोरगा हसायला आत गेला. 2317 म्हणजे 2017 सालातला 23 वा आठवडा. टायर त्या आठवड्यात कारखान्यातून निघाला, एवढंच.

म्हणजे मी त्याच्या जन्मतारखेवर घासाघीस करणार होतो.

अशा वेळी माणूस आपली बाजू सावरायला ज्ञान पाजळतो. मी सुरू झालो. बेलफास्टमधल्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने 1888 साली आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर कसा केला ते सांगितलं. आमच्याच जिल्ह्यात दोडामार्गाकडे रबराची झाडं कशी उभी आहेत ते सांगितलं, जे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मग स्टेपनीवर आलो. हा शब्द आपला वाटतो, पण तो वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. 1904 च्या सुमाराला तिथल्या दोघा भावांनी जादा चाक काढलं, त्याआधी मोटारींना जादा चाक नसायचंच, हे सगळं मी पंधरा मिनिटं, हातवारे करून. टायरवाल्याने मधे एकदाच विचारलं, "तुमच्या स्टेपनेर काय आकडो हा?"

मी म्हटलं, तो विषय वेगळा.

माझ्या हट्टापुढे त्याने कोल्हापूरला फोन लावला. ऑल-सीझन लिहिलेले चार, 175/65 आर 14, एकेक साडेचार हजारांना. आठवड्याने आले. गाडी घेऊन गेलो, पोरग्याने जॅक लावला, एकेक चाक काढलं, आणि चौघं जमिनीवर ठेवल्यावर दुकानात एकदम शांतता पसरली.

"काकानू, हे तीन येगळे असत आणि ह्यो एक येगळो."

तीन टायरवर होतं 165/80 आर 14. चौथ्यावर, फणसाच्या सावलीतल्यावर, माझ्या वहीतलं. आणि मला हळूहळू आठवायला लागलं. दोन वर्षांपूर्वी रस्त्याकडेच्या चिऱ्याची धार लागून मागचा डावा टायर फाटला होता. स्टेपनी लावून कसाबसा घरी आलो. पण स्टेपनी कोरी करकरीत, ती उगाच कशाला झिजवायची, म्हणून हायवेकडे जाऊन एक जुना टायर स्वस्तात आणला आणि स्टेपनी पुन्हा डिकीत, तांदळाच्या पोत्याखाली. मधलं भोक बरोबर बसलं, म्हणून टायर बरोबर, एवढाच माझा हिशोब. गेली दोन वर्षं ही म्हणत होती, "गाडी माझ्या बाजूक कलता." त्यावर मी जे उत्तर द्यायचो ते इथे लिहीत नाही. ते मला महाग पडलेलं आहे.

आता बघा, वाचकहो, त्या क्षणी काय करायला हवं होतं हे तुम्हाला कळतंय, पोरग्याला कळत होतं, दुकानाच्या पायरीवर झोपलेल्या कुत्र्यालाही थोडंफार कळत असावं. टायरवाला म्हणाला, मी हे परत पाठवतो, नुकसान माझं थोडं होईल ते होऊ दे. पण चारांपैकी तीन टायर कंपनीचे होते आणि एक माझ्या निवडीचा. पस्तीस वर्षं फायलींत दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाचा ताठा तो.

मी म्हटलं, "ते तिघे चुकीचे आहेत. घाला हे."

घरी आल्यावर हिला मी नवे टायर कुशीवरची अक्षरं वाचून समजावून दिले. त्यावर 'एम प्लस एस' असं कोरलेलं होतं. "हे बघ, आपल्या भागाचा विचार केलाय. मालवण प्लस सावंतवाडी." हिने मान डोलावली. तिनेही ते खरं मानलं याचा मला अजून आनंद आहे. त्याचा अर्थ चिखल आणि बर्फ असा होतो, हेही पुतण्यानेच कळवलं.

मिरग लागला आणि माझे वैभवाचे दिवस सुरू झाले. टायर नवे, खाचा खोल, घसरण बंद. आणि त्याहून मोठा चमत्कार म्हणजे गाडीचं ॲव्हरेज वाढलं. कित्येक वर्षं 18 ला अडकलेली गाडी 19 देऊ लागली. मी पेट्रोलची पावती आणि मीटरचे आकडे वहीत लिहितो, त्यामुळे शंकेला जागाच नाही. तिठ्यावरच्या चहाच्या टपरीवर, देवळाच्या पायरीवर, तांदूळ दळायला गेलो तर गिरणीत, जिथे दोन माणसं भेटली तिथे मी ऑल-सीझनचं कीर्तन लावलं. एका गृहस्थाने माझ्या सांगण्यावरून तसे टायर घ्यायचं जवळजवळ ठरवलंही होतं. ते वाचले.

थोड्या विचित्र गोष्टी होत होत्या. काटा 60 वर असताना भाजीने भरलेली रिक्षा मला शांतपणे मागे टाकून जायची. कुडाळ हल्ली जरा लांब गेल्यासारखं वाटायचं. नेरूरच्या वाटेवरच्या गतिरोधकावर गाडीचं पोट खर्रकन घासायचं, जे पूर्वी फक्त आम्ही लग्नाला सहाजण कोंबून जायचो तेव्हा व्हायचं. मी म्हणायचो, रस्ते खचलेत. पावसात खचतातच.

पुनर्वसू आला. आमच्याकडे त्या दिवसांत कपाटातल्या चपलांपासून देवघरातल्या चौरंगापर्यंत सगळ्यावर पांढरी बुरशी चढते आणि चिकटवलेलं म्हणून जे काही घरात असेल ते सुटून येतं. एका सकाळी ही कोरडं फडकं घेऊन गाडी आतून पुसत होती. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि तिथूनच तिने हाक मारली, "अवो, देव खाली इलो."

स्टिकर ओला होऊन गळून पडला होता. त्याच्या मागे, मी इतक्या वर्षांपूर्वी चारी कोपरे जुळवून झाकलेल्या जागेवर, कंपनीचा तक्ता. कुठला टायर घालावा, थंड असताना हवा किती भरावी, पुढे किती, मागे किती. आणि पहिल्याच ओळीत 165/80 आर 14.

मी वही घेऊन बसलो. 165 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. 80 म्हणजे त्या रुंदीच्या 80 टक्के कुशीची उंची, म्हणजे 132. वर एक कूस, खाली एक कूस, मधे 14 इंचाचा रिम, सगळं मिळून चाक 620 मिलिमीटरचं. माझं 175/65 तसंच मोजलं तर 583. रुंदीला थोराड आणि उंचीला ठेंगणं, अगदी माझ्या घराण्यासारखं. चाक लहान म्हणजे एका फेऱ्यात 11 सेंटिमीटर कमी जायचं, पण मीटर बिचारा फेरे मोजतो, त्याला वाटायचं पूर्वीइतकंच गेलो. म्हणून काटा 60 दाखवत होता तेव्हा गाडी साडेछप्पन्नला होती. म्हणून शंभर किलोमीटरचे एकशे सहा होत होते आणि म्हणून कुडाळ लांब गेलं होतं. गाडी 18 मिलिमीटरने बसली होती, म्हणून पोट घासत होतं. आणि ॲव्हरेज...

ॲव्हरेज 18 च होतं. फक्त किलोमीटर खोटे होते.

तिठ्यावर मी दोन आठवडे गेलो नाही.

टायरवाल्याकडे मात्र जावं लागलं, आणि या वेळी गाडी घेऊन गेलो. तो काही बोलला नाही, जे फार वाईट असतं. पोरग्याला म्हणाला, "स्टेपनी काढ आधी." तांदळाच्या पोत्याखालून कोरी स्टेपनी निघाली. तिच्यावर दाराइतकाच स्पष्ट, तोच आकडा. ज्या स्टेपनीचा 1904 पासूनचा इतिहास मी त्याच दुकानात उभा राहून सांगितला होता, ती सगळा वेळ डिकीत उत्तर घेऊन पडली होती. टायरवाला एवढंच म्हणाला, "मी तुमका सांगलेलंय, गाडी घेवन येवा."

आता गाडीला साधे टायर आहेत. त्यांच्यावर ऑल-सीझन लिहिलेलं नाही, मालवण नाही, सावंतवाडी नाही. पावसात चांगले चालतात. ही म्हणते, गाडी आता सरळ उभी राहते. स्टिकर डॅशबोर्डवर लावला आहे, तोही हिने.

घालून वापरलेले टायर कोल्हापूर परत घेत नाही. त्यामुळे आमच्या पडवीत चार टायर आहेत, 175/65 आर 14, ऑल-सीझन, मिरगापासून पुनर्वसूपर्यंत वापरलेले. कुणाच्या गाडीचा तोच आकडा असेल तर वालावलला देवळापाशी येऊन टायरवाले काका कुठे राहतात म्हणून विचारा, कोणीही हसत घर दाखवेल. किंमत प्रत्येकी 2317 रुपये. येताना गाडी घेऊन या.